खुर्ची तेवढी ठेवली

आता कसं सांगू तुम्हाला, माझ्या हातून एकदा चांगला धडधाकट माणूस गेला. घाबरू नका, चहा घ्या. माणूस अजून आहे, माझ्यापेक्षा टणक आहे. पण एक अख्खी दुपार तो नव्हता, आणि त्याला कारण मी.

मी वेबसाइट बनवतो, त्यातही फक्त आर्किटेक्ट लोकांच्या. डोंबिवलीतल्या आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल आहे, तेच माझं ऑफिस. आर्किटेक्टची वेबसाइट कशी असते, तर पांढरी. भरपूर मोकळी जागा, एक मोठा फोटो आणि खाली बारीक अक्षरांत दोन शब्द. लोक विचारतात, यात तू नक्की काय केलंस? अहो, मी काय केलं ते दिसत नाही, हेच तर माझं काम. जे नको ते काढायचं. काढता काढता जे उरतं ती वेबसाइट. माझी बायको मानसी म्हणते, एवढी काढायची हौस आहे तर माळ्यावरचं सामान काढ. तिला डिझाइनमधलं काही कळत नाही, असं माझं त्या रविवारपर्यंत मत होतं.

तर घोडबंदर रोडला चित्रा मॅडम म्हणून एक आर्किटेक्ट आहेत. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या नावावर बिल्डिंगी काढल्या आणि मग स्वतःचं ऑफिस थाटलं. त्यांच्या स्वतःच्या नावाचं पहिलं मोठं काम म्हणजे बाळाराम शेटचा बंगला. शेट खाडीकडच्या गावातले, पूर्वापार भातशेतीवाले. चहूबाजूंनी टॉवर उठले तरी राहत्या जागेवर त्यांनी बिल्डरला पाय ठेवू दिला नाही. तिथेच बंगला बांधला, आणि खरं सांगतो, मॅडमनी तो फार सुंदर बांधला.

पण मॅडमचा जीव अडकला होता पुढच्या कामात. गावाला समाजहॉल बांधायचा होता. कमिटीचे अध्यक्ष बाळाराम शेट, त्यामुळे काम मिळायला हरकत नव्हती. हरकत होती ती धर्माशेटची. धर्माशेट म्हणजे बाळाराम शेटचे थोरले सख्खे भाऊ. घर चार पावलांवर, पण जमिनीच्या वाटणीवरून फाटलं ते फाटलंच. कित्येक वर्षं एकमेकांशी शब्द नाही. आणि हॉलच्या जागेवर जायचा रस्ता नेमका धर्माशेटच्या जमिनीतून. बाळारामची मॅडम हॉल बांधणार असेल तर रस्ता मिळणार नाही, असा त्यांचा निरोप आला होता.

मॅडम मला म्हणाल्या, "कमिटीने एकदा माझं काम नीट बघितलं पाहिजे. वेबसाइट अशी कर की कुणाला नाही म्हणता येऊ नये." हे काम गेलं तर ऑफिस बंद करून परत नोकरी धरावी लागेल, हेही त्यांनी सांगून टाकलं. शेटच्या बंगल्यातल्या मोठ्या टीव्हीवर कमिटीला वेबसाइट दाखवायची, रविवारी संध्याकाळी, असं ठरलं.

फोटो काढायला मीच गेलेलो. सकाळी सकाळी पोचलो तर शेट आंघोळ करून, पांढरा सदरा-लेंगा घालून, गळ्यात चेन घालून तयार. वहिनी कल्याणला लेकीकडे गेलेल्या, तिचे दिवस भरत आलेले. घरात शेट एकटेच होते. मला म्हणाले, "खुर्ची कुठं ठेवू?"

मला वाटलं, मला बसायला देतायत. पण नाही, खुर्ची त्यांची. जुनी सागवानी, हातांची, वडिलांच्या वेळची. ओटीचा फोटो काढायचा, तर शेट खुर्ची घेऊन ओटीवर. जिन्याचा काढायचा, तर जिन्याखाली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, गच्चीत टाकीसमोर. बाथरूमचा काढताना म्हटलं, आता तरी? तर खुर्ची बाहेर ठेवून दारात उभे राहिले. प्रत्येक फोटोत दोन्ही हात गुडघ्यांवर आणि नजर थेट कॅमेऱ्यात.

एवढ्या मोठ्या माणसाला कसं सांगायचं, की बाबा, आर्किटेक्टच्या वेबसाइटवर माणसं नसतात? तुम्ही कधी बघितलीत का? घरं अशी की जणू कुणी जन्मात तिथे चहा केलेला नाही. मी मनात म्हटलं, काढू दे फोटो, घरी जाऊन शेटना पुसून टाकू.

आणि टाकलं. मोठ्या मेहनतीने टाकलं. ओटीवरून काढले, जिन्याखालून काढले, बाथरूमच्या दारातून काढले. मागची भिंत, फरशी, सावली, सगळं परत जुळवलं. फक्त ओटीच्या फोटोत शेटना पुसल्यावर खुर्ची राहिली, आणि ती इतकी छान दिसत होती की म्हटलं, ही राहू दे. मग ते पिवळट ऊन डोळ्यांना खुपायला लागलं, म्हणून रंग काढले. फोटो काळा-पांढरा केला. रिकामी ओटी, रिकामी खुर्ची. असला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

खाली मॅडमनी लिहून दिलेलं, 'बाळाराम निवास'. आता मला सांगा, फोटोत घर दिसतंय, तर 'निवास' कशाला? काढलं. गावाचं नाव होतं, तेही काढलं. राहिलं नुसतं 'बाळाराम', आणि त्याखाली काम सुरू झालं ते साल, मग एक छोटी आडवी रेघ, मग काम पूर्ण झालं ते साल. आर्किटेक्ट लोकांत तशीच पद्धत आहे. मी खुर्चीत मागे रेलून बघितलं आणि स्वतःवर जाम खूश झालो. तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

मानसी चहा द्यायला आली तेव्हा स्क्रीनकडे बघून थबकली. हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?" मी म्हटलं, कोण कधी गेले, वेबसाइट आहे ती. म्हणाली बरं, आणि गेली. बघा, हातात आयतं दिलेलं होतं.

शनिवारी रात्री लिंक मॅडमना दिली. त्या समाजहॉलच्या प्लॅनमध्ये बुडालेल्या, न बघताच त्यांनी ती शेटना पाठवली. रविवारी सकाळी शेटनी ती उघडायची तसदी घेतली नाही, येईल ते पुढे ढकलायची त्यांची सवय. गावच्या ग्रुपवर टाकली, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, मोबाइल चार्जिंगला लावला, घराला कुलूप घातलं आणि मॅडमच्या गाडीतून हॉलची जागा मोजायला निघून गेले.

आता ग्रुपवर लिंक टाकली की खाली एक चित्र दिसतं, माहीत आहे ना? उघडायच्या आधीच. तर गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर काय आलं? काळा-पांढरा फोटो. रिकामी खुर्ची. खाली 'बाळाराम', आणि दोन सालांच्या मधे रेघ.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कुणी ठरवतं का? खात्री करायला नको? अहो, पण मयताची खात्री कुणी करून घेतं का? 'खरंच गेले का हो' असं विचारायला जीभ उचलते कुणाची? लोकांनी शेटच्या मोबाइलवर फोन केले, ते आतल्या आत वाजत राहिले. दाराला कुलूप, म्हणजे हॉस्पिटलातच असणार. कुठल्या हॉस्पिटलात, हे जो तो दुसऱ्याला माहीत असेल असं धरून चालला. कल्याणला वहिनींना फोन गेला, तर आपल्याकडे बाईमाणसाला असलं काही फोनवर सांगत नाहीत. 'शेटची तब्येत जरा बरी नाय, तुमी घरी या,' एवढंच सांगितलं. ही वाक्यं कशासाठी असतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. वहिनी जावयाला घेऊन निघाल्या.

मी दुपारी निघालो. डोंबिवलीहून ठाण्याला येऊन रिक्षा केली, ती माजिवड्याला अडकायची तशी अडकली. गावात पोचलो तर शेटच्या अंगणात ही गर्दी. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, पुरुषमाणसं रांगेने बसलेली, बायका पलीकडे खाली सतरंजीवर. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मला आपलं वाटलं, कमिटी.

खोटं कशाला बोलू, छाती फुगली. वेबसाइट बघायला गाव लोटलंय. एका कडेला एक उंच, वाळकेसे म्हातारे बसले होते, चेहरा हुबेहूब बाळाराम शेटचा. मी ओळखलं, हे धर्माशेट. हेसुद्धा आले! मी पुढे जाऊन त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. फार आनंद झाला."

म्हाताऱ्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

धर्माशेटचा मुलगा विकास मला हाताला धरून बाजूला घेऊन गेला. "काका गेले," म्हणाला. मी विचारलं, कधी, कसे? म्हणाला, सकाळी मेसेज आला. मीही पुढे काही विचारलं नाही. तो मेसेज बघायला मागितला असता तर हे इथेच संपलं असतं. पण सांगितलं ना, कुणी मागत नाही.

मला खरंच वाईट वाटलं. ज्या माणसाने हौसेने खुर्ची उचलून उचलून फोटो काढून घेतले, त्याला मी पुसत बसलो होतो. मॅडमना फोन लावला, उचलला नाही. मेसेज टाकला, 'आत्ताच कळलं. फार वाईट झालं. आता पुढे काय?' तिकडे मॅडम शेटच्या शेजारी उभ्या राहून टेप धरत होत्या. त्यांना वाटलं, कमिटीने काम नाकारलं. त्यांनी टेप गुंडाळली आणि शेटना म्हणाल्या, राहू दे आता. शेटना काही कळेना.

इकडे विकासने विचारलं, "तुमी काकांचे फोटो काढलेले ना? बॅनरला एक पायजे. घरात कोणाकडेच धड फोटो नाय." आणि मला हुरूप आला. निदान एवढं तरी शेटसाठी करावं. ओटीवर बसून लॅपटॉप उघडला, पुसण्याआधीचे मूळ फोटो काढले. त्यातला उत्तम निवडला, काळा-पांढरा केला, एका बाजूला ठेवून दुसरी बाजू मोकळी सोडली. खाली नाव.

विकास म्हणाला, हार लावा, समई लावा, मागे ढग टाका, खाली सगळ्या भावकीची नावं. मी त्याला समजावलं, नको, साधंच छान वाटतंय, शेट साधे होते. धर्माशेट मागून बघत होते. म्हणाले, "बाला आनि साधा?" आणि पंच्याने डोळे पुसले. मग तिथेच बसून राहिले, त्या फोटोकडे बघत.

तेवढ्यात मॅडमची गाडी आली. गाडीतून आधी मॅडम उतरल्या, पडलेल्या चेहऱ्याने. मागून बाळाराम शेट.

आता तुम्हाला वाटेल आरडाओरडा झाला असेल. काही नाही. आणि शेटनी काय करावं? अंगणात पांढरे कपडे बघितले, बायका बघितल्या, त्यांनी ओळखलं की भावकीत कुणीतरी गेलंय. बाहेरच चपला काढल्या. मान खाली घातली, हात जोडले आणि रीतीप्रमाणे ओटीवर येऊन हळूच बसले. बसले ते नेमके धर्माशेटच्या शेजारी, मान खालीच असल्यामुळे कोण आहे ते न बघता. हलक्या आवाजात विचारलं,

"कोण गेला?"

धर्माशेटनी सावकाश मान वळवली. भावाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू," म्हणाले.

इतक्या वर्षांत थोरल्याने धाकट्याशी बोललेला तो पहिला शब्द.

मग मात्र जे व्हायचं ते झालं. बायका एकदम बोलायला लागल्या, कुणी देवाचं नाव घेतलं, कुणीतरी खुर्चीसकट पडलं. धर्माशेटनी भावाचा दंड जो धरला तो सोडेनात. धरून हलवत होते आणि शिव्या देत होते, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. दोघंही रडत होते. मीही रडलो. पण माझं वेगळं कारण होतं, कारण तोवर विकासच्या हातातला मोबाइल मला दिसला होता.

तो मोबाइल हातोहात फिरला. शेटकडे गेला, मॅडमकडे गेला, शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर येऊन थांबल्या. मॅडमच्या चेहऱ्याकडे मी बघूच शकलो नाही. हॉलचं काम गेलं, मीच घालवलं, हे उघडच होतं. मी म्हणालो, अहो, सालं तरी बघायची, ती बांधकामाची आहेत. दोन वर्षांचं अंतर आहे, दोन वर्षांचे होते का शेट?

"सालं कोण बगतो?" विकास म्हणाला. "मधे रेघ हाय ना."

शेट एकेक फोटो पुढे सरकवत होते. ओटी, जिना, स्वयंपाकघर, गच्ची, बाथरूम. मग परत पहिल्यापासून. मेल्याचं त्यांना काही वाटलेलं दिसत नव्हतं. मला म्हणाले, "मी कुठाय?"

मी घसा साफ केला. म्हटलं, शेट, अशा वेबसाइटवर माणसं ठेवत नाहीत. माणूस असला की लक्ष माणसाकडे जातं, घराकडे जात नाही. म्हणून जरा साफ केलं.

"घर कोणाचा?"

"तुमचं."

"मंग? मेलो बोललास, चालंल. पन मना माझ्या घरातनं काढलास?"

माझ्याकडे मोकळ्या जागेचं एक चांगलं दहा मिनिटांचं भाषण आहे, आर्किटेक्ट लोकांना फार आवडतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

आणि याच वेळी दारात रिक्षा थांबली आणि वहिनी उतरल्या. कल्याणपासून ठाण्यापर्यंत रडत आलेल्या. शेट समोर उभे दिसल्यावर त्यांनी पदर खोचला आणि असं काही सुनावलं की मेलेलं परवडलं असतं. सगळं ऐकून घेतल्यावर मग माझ्या लॅपटॉपकडे त्यांचं लक्ष गेलं. बॅनरचा फोटो अजून उघडाच होता. जवळ जाऊन बघितलं. म्हणाल्या, "फोटो मात्र बेस काढलाय." शेट वाकले, धर्माशेट वाकले. दोघे भाऊ डोक्याला डोकं लावून त्या स्क्रीनवर वाकलेले, आणि धर्माशेटचा हात अजून भावाच्या दंडावर.

त्या संध्याकाळी कमिटीची बैठक झालीच. माणसं आयतीच जमलेली, खुर्च्या मांडलेल्या, चहाही होता. मोठ्या टीव्हीवर वेबसाइट नाही, मूळ फोटो दाखवले, शेटसकट. आणि गंमत सांगू? घर जास्त चांगलं दिसत होतं. जिना किती उंच आहे ते शेट खाली बसल्यामुळे कळत होतं. ओटी कशासाठी आहे तेही कळत होतं. शेवटी धर्माशेट उठले. म्हणाले, बाई, रस्ता घ्या. पण हॉलच्या पडवीत दोन खुर्च्या मावतील एवढी जागा पाहिजे. शेजारी शेजारी.

मॅडमचं ऑफिस वाचलं. आता त्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक खोलीत बाळाराम शेट बसलेले आहेत, रंगीत. खाली 'बाळाराम निवास', गावाचं नाव, आणि रेघ नाही.

इथवर ठीक होतं. पण हॉलच्या भूमिपूजनाला शेटनी स्वतः फोन करून सांगितलं, "बॅनरवर तुझा पन फोटो टाकतो. तुझ्यामुलं झाला हा सगला." मी सबंध डोंबिवलीला सांगितलं. सोसायटीत सांगितलं, सासुरवाडीला सांगितलं. मानसीला साडी नेसायला लावून घेऊन गेलो.

गावाच्या वळणावर भला मोठा बॅनर. वर दोघे भाऊ, हात धरून. बाजूला मॅडम. खाली अख्खी कमिटी, विकास, जावई, मंडपवाला, त्या दिवशी खुर्चीसकट पडलेला तो माणूस, वहिनींच्या मांडीवर नवा नातू. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, परत त्या टोकापासून या टोकापर्यंत बघितलं. मी नव्हतो.

शेट समोरूनच आले. मी हसत हसत विषय काढला.

"होता रे तुझा फोटो," शेट म्हणाले. "इथंच कोपऱ्यात होता. मग मीच काढाया लावला. जरा गर्दी वाटत व्हती."

मी म्हटलं, बरोबर आहे.

मानसीने तो कोपरा नीट निरखून बघितला आणि म्हणाली, "निदान खुर्ची तरी ठेवायची."